शब्दचर्चा : ‘फँटम ब्रेकिंग’ला मराठीत काय म्हणावं?

अक्षरओळ :
गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचं मराठी करताना एका शब्दापाशी अडकायला झालं आहे. अडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय) चालू आहे, पुढचा रस्ता मोकळा आहे आणि तरी गाडी आपणहून वेग उतरवते. कधी किंचित, तर कधी मागचा ट्रक अंगावर यावा इतका. इंग्रजीत याला फँटम ब्रेकिंग म्हणतात. कच्च्या खर्ड्यात ‘आभासी ब्रेक’ लिहिलं आहे, पण ते पटत नाही. वाचणाऱ्याला वाटेल की ब्रेक लागल्याचा नुसता भास झाला. ब्रेक तर खराच लागतो, भास असतो तो अडथळ्याचा. ‘भुताटकी ब्रेक’, ‘अकारण ब्रेक’, ‘भ्रमब्रेक’ हेही डोक्यात आहेत. एडासवाल्या, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या अशा स्वयंचलित सोयी असलेल्या, गाड्या रोज हाताळणाऱ्यांनी आणि भाषेच्या जाणकारांनी सांगावं.

सुकाणू :
‘अकारण’ आणि ‘भुताटकी’ हे दोन्ही आधी बाजूला ठेवा. कारण नेहमी असतं. फक्त चालकाला दिसलेलं नसतं. भुताटकी म्हटलं की माणूस कारण शोधायचं सोडतो आणि सर्व्हिस सेंटरवरही ‘कधीकधी होतं असं’ एवढ्यावर विषय मिटतो.

सरकारी कागदांत ‘फँटम’ टाळतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या २०२१ आणि २०२२ सालच्या मॉडेल ३ व मॉडेल वाय गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली. सुमारे ४ लाख १६ हजार गाड्या आणि आधीच्या नऊ महिन्यांतल्या ३५४ तक्रारी. तिथे शब्दयोजना ‘अनपेक्षितपणे ब्रेक कार्यान्वित होणे’ अशा अर्थाची आहे. त्याच महिन्यात होंडाच्या २०१८-१९ च्या अकॉर्ड आणि २०१७-१९ च्या सीआर-व्ही, मिळून १७ लाखांहून अधिक गाड्यांची चौकशी लागली. तिथला इंग्रजी शब्द ‘इनॅडव्हर्टंट’ शब्दकोशातून उचलला तर ‘अनवधानाने’ असा होतो, आणि मराठीत तो चक्क चुकतो. अनवधान माणसाचं असतं. इथे तर यंत्राचं अवधान गरजेपेक्षा जास्त आहे!

पाणंद :
आधी क्रियापद पाहू, मग नाम सापडेल. मराठीत ब्रेक मारला, दाबला, लावला म्हटलं की कुणाचा तरी पाय आहे. ‘ब्रेक लागला’ म्हटलं की पाय नाही. ठेच लागते, उचकी लागते, तसा लागतो. म्हणून ‘गाडीने ब्रेक मारला’पेक्षा ‘ब्रेक आपोआप लागला’ हे या प्रसंगाला जास्त खरं आहे, आणि पुस्तिकेत हा भेद पाळायलाच हवा. ‘ब्रेक लावल्यास’ आणि ‘ब्रेक लागल्यास’ या दोन वाक्यांत जबाबदार कोण ते बदलतं.

‘गाडीला उचकी लागली’, ‘गाडी गचके देते’ हे शब्द घेऊ नका. ते पेट्रोल नीट न पोचण्याच्या, मिसफायरच्या तक्रारीसाठी गॅरेजात कधीपासून बसलेले आहेत. मेकॅनिक इंजेक्टर उघडून बसेल.

माझं मत : बुजणे. बैल बुजतो, घोडा बुजतो. वाटेवरची मोरी, वाऱ्यावर फडफडणारं कापड, अचानक उघडलेली छत्री, झाडाची आडवी सावली. वस्तू खरी असते, धोका खरा नसतो, आणि जनावर जागच्या जागी पाय रोवतं. वस्तू दिसणं, तिचा चुकीचा अर्थ लागणं आणि त्यावरची खरी, जोरकस प्रतिक्रिया, हे तिन्ही एका क्रियापदात आहे. ‘दचकणे’मध्ये प्रतिक्रिया आहे, पण दचकून माणूस थांबतोच असं नाही. ‘बिथरणे’ म्हणजे ताबा सुटून सैरावैरा होणं. ते फार पुढचं झालं. ‘बिचकणे’ मात्र जपून ठेवा : पाऊल घेता घेता आखडणं. हलक्या प्रकाराला तो चांगला आहे.

शिवाय ज्याला पाहून गाडी बुजली, त्या वस्तूलाही शब्द तयार आहे. बुजगावणं. त्याच कुळातला.

चाकोरी :
‘बुजणे’ला माझा पूर्ण पाठिंबा, कारण तो प्रत्यक्ष कामकाजाशी जुळतो. पुस्तिकेत कारणांची यादी द्यायची असेल तर महामार्गावरची खरी बुजगावणी ही आहेत.

अशा बहुतेक गाड्यांच्या पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे ७६ ते ७७ गिगाहर्ट्‌झवर चालणारा रडार असतो आणि काचेवर, आरशामागे, कॅमेरा. काही गाड्यांत फक्त कॅमेरा. रडारला अंतर आणि सापेक्ष वेग उत्तम कळतो, उंची मात्र फारशी कळत नाही. त्यामुळे डोक्यावरून जाणारी दिशादर्शक कमान, पूल, कॅमेऱ्यांची गँट्री (रस्त्यावरची आडवी चौकट) यांचा परतावा, म्हणजे त्यांच्यावर आपटून परत आलेली रडारची लहर, ‘रस्त्यात उभी वस्तू’ असा वाचला जाऊ शकतो. चढावर हे अधिक. गाडीचं नाक वर असतं आणि चढाच्या टोकापलीकडची कमान थेट किरणाच्या रेषेत येते. डिकीत जड सामान भरलं की मागची बाजू बसते, नाक उचललं जातं, परिणाम तोच. रस्त्यातली लोखंडी पट्टीही चालते. शीतपेयाचा रिकामा कॅन आडवा पडला असेल आणि त्याचा खोलगट तळ गाडीकडे असेल, तर तो रडारला आकाराच्या मानाने फार मोठा दिसतो.

वळणाचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. १,००० मीटर त्रिज्येचं वळण चालकाला जेमतेम जाणवतं. पण १०० मीटर पुढे आपली लेन सरळ रेषेपासून ५ मीटर बाजूला गेलेली असते, आणि लेनची रुंदी साडेतीन ते पावणेचार मीटर. म्हणजे नाकासमोर आहे तो शेजारच्या लेनमधला ट्रक! आपली गाडी कुठल्या वाटेने जाणार याचा अंदाज प्रणाली स्टिअरिंगचा कोन, गाडी वळण्याचा दर आणि कॅमेऱ्याला दिसणारे पांढरे पट्टे यांवरून बांधते. वळण सुरू होताना चाकं अजून सरळ असतात आणि अंदाज चुकतो. म्हणून हा प्रकार वळणाच्या मध्यापेक्षा तोंडाशी आणि शेवटाशी जास्त दिसतो. पट्टे पुसलेले असले की आणखी.

रडारचा कोन हलला असेल तर सरळ रस्त्यावरही हेच. १ अंश फरक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर, जवळजवळ अर्धी लेन. बंपरला बारीक धक्का बसला, बंपर काढून परत बसवला, पुढे लोखंडी गार्ड लावला, रडारवर जाड रंग किंवा स्टिकर आला, की हे घडू शकतं. बाहेरून काही दिसत नाही.

कॅमेऱ्याची बुजगावणी निराळी : पुलाची गडद आडवी सावली, मावळतीचं समोरचं ऊन, ओल्या रस्त्यावरची चकाकी, काचेवरचा चिखल, आणि काच बदलल्यावर न केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नेमकी जुळणी.

अक्षरओळ :
‘बुजणे’ मनात भरला, पण दोन शंका. रस्त्याच्या संदर्भात ‘खड्डे बुजवणे’ इतकं रुळलेलं आहे, विहीर बुजते, कान टोचल्याचं भोक बुजतं. ‘रस्त्यावर गाडी बुजली’ हे वाचून कुणी ती मातीखाली गेली असं समजेल का? दुसरं, वर सगळे प्रकार एकत्र आले आहेत. क्रूझने वेग उतरवणं आणि धडक टाळण्यासाठीचा स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक लागणं यांना एकच शब्द चालेल का?

पाणंद :
पहिल्या शंकेचं उत्तर कर्ता देतो. भरून येणं हे पोकळीचं काम : विहीर, खड्डा, भोक, बीळ. बुजून थांबणं हे चालणाऱ्याचं काम. गाडी चालणारी आहे. मराठीत एकाच रूपाचे दोन अर्थ कर्त्यावरून वेगळे पडतात, ‘उतरणे’ पाहा : ताप उतरतो, प्रवासी उतरतो, रंग उतरतो. पहिल्या उल्लेखात ‘कशाला तरी बुजून’ असं लिहिलंत तर शंकेला जागाच राहत नाही. ‘कमानीला बुजून गाडी मंदावली.’ बुजण्याला ‘कशाला’ लागतं. भरून येण्याला लागत नाही.

सुकाणू :
दुसरी शंका महत्त्वाची. प्रकार तीन आहेत आणि डॅशबोर्डकडे पाहून ओळखता येतात.

पहिला, क्रूझचा. पडद्यावर पुढच्या गाडीचं चित्र क्षणभर उमटतं आणि नाहीसं होतं, ठरवलेला वेग तसाच राहतो. क्रूझच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १५६२२ मध्ये, महामार्गाच्या वेगाला आपोआप मंदावण्याची मर्यादा दोन सेकंदांच्या सरासरीने ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. म्हणजे दोन सेकंदांत ताशी १०० चे ७५. याला पाणंद यांचा ‘बिचकणे’ चपखल.

दुसरा, आपत्कालीन ब्रेकचा. लाल इशारा, पिपाणी, पट्टा आवळला जाणं, आणि ब्रेक पूर्ण ताकदीच्या जवळपास. कोरड्या रस्त्यावर ९ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा : दीड सेकंदात ताशी १०० चे ५१. मागच्या चालकाला ब्रेकवर पाय न्यायला जो दीड सेकंद लागतो तेवढ्यात अंतर १० मीटरने घटलेलं असतं आणि तो अजून १०० वर असतो. हे ‘बुजणे’.

तिसरा या कुळातला नाहीच, पण तक्रारी त्यात मिसळतात. काही गाड्यांत क्रूझ वेगमर्यादेच्या पाट्या वाचून किंवा नकाशातून वेग ठरवतो. सर्व्हिस रोडची ४० ची पाटी, रस्ताकामानंतर उभी राहिलेली जुनी पाटी, ट्रकच्या पाठीवरचा ‘८०’चा गोल, गाडी ते प्रामाणिकपणे पाळते. ओळख सोपी : पडद्यावर ठरवलेला आकडाच बदललेला दिसतो. याला बुजणे म्हणू नका. ‘पाटी चुकीची वाचली’ एवढं साधं लिहा. उपायही वेगळा, सेटिंगमध्ये जाऊन पाटीशी जोडलेला वेग बंद करणं.

पाणंद :
जनावराच्या शब्दांनी आणखी एक काम होईल. झापडं. बुजऱ्या घोड्याला झापडं बांधतात, तशी रडारलाही बांधलेली असतात. रस्त्याकडेचं सगळंच जग स्थिर; प्रत्येक खांबाला थांबायचं तर गाडी चालणार नाही. म्हणून स्थिर वस्तूंचे परतावे मोठ्या प्रमाणात गाळले जातात. चाकोरी, हे बरोबर आहे ना? कारण ‘मग बुजणं पूर्ण बंद का करत नाहीत’ हा वाचकाचा पहिला प्रश्न असणार.

चाकोरी :
बरोबर, आणि पुस्तिकेत हे ठळक यावं. झापडं घट्ट केली की गाडी कमानीला बुजत नाही, पण लेनमध्ये बंद पडलेला कंटेनरही तिला उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. सैल केली की कंटेनर दिसतो आणि कमानही. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी जागा अजून कुणाला सापडलेली नाही. रडार आणि कॅमेरा दोघांची साक्ष जुळली तरच जोराचा ब्रेक, हा प्रचलित मार्ग. त्यात बुजणं कमी होतं, पण एकाचा डोळा मळला की साक्ष अपुरी पडते.

आता चालकाने काय करायचं ते, क्रम महत्त्वाचा म्हणून सविस्तर.

गाडी बिचकली की आधी ॲक्सिलरेटर हलका दाबा. क्रूझ लगेच माघार घेतो. पहिली चूक इथेच होते : घाबरून पाय ब्रेककडे जातो, आणि मागच्याला दुप्पट धक्का. दुसरी चूक म्हणजे स्टिअरिंगवरचं कॅन्सल बटण. विजेच्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवर नसताना कॅन्सल केलं, तर क्रूझ सुटतो आणि त्याच क्षणी रिजनरेशन (मोटरने वीज परत बनवताना होणारं मंदावणं) गाडी ओढून धरतं. वेग कमी व्हायचा थांबत नाही, कधी वाढीव दरानेही उतरतो. म्हणून आधी पाय, मग बटण. आपत्कालीन ब्रेक अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर सुटतो. नेमकी रीत मॉडेलनुसार बदलते, ती तुमच्या मूळ पुस्तिकेतून जशीच्या तशी घ्या. पण पुढे खरंच काही नाही याची खात्री असेल तरच.

समृद्धीसारख्या लांब, सरळ, १२० च्या रस्त्यावर पाय पेडलपासून दूर ठेवून बसायची सवय लागते. तो ॲक्सिलरेटरच्या वर तरंगता ठेवा. पूल आणि कमानीपाशी आरशात पाहा. मागे अवजड वाहन चिकटलं असेल तर तेवढ्यापुरता क्रूझ सोडा. घाटात वापरूच नका; तिथल्या वळणांवर वरचं गणित कित्येक पटींनी बिघडतं. ३०० मीटर त्रिज्येला ६० मीटर पुढेच लेन ६ मीटर सरकलेली असते.

सुकाणू :
क्रूझचं अंतर ‘कमीत कमी’वर ठेवलं की बुजणं थांबतं हा समज खोडून काढा. त्याने समोरच्या खऱ्या गाडीपासूनचं अंतर बदलतं, खोट्या परताव्याचं काही होत नाही. आणि मागच्यांवरचा परिणाम लिहायला विसरू नका. जपानमध्ये २३० मीटरच्या वर्तुळाकार वाटेवर २२ गाड्या सारख्याच वेगाने चालवायचा प्रयोग झाला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. कुठलाही अडथळा नसताना, एकेकाच्या किरकोळ मंदावण्यातून थांबा-चाला अशी लाट तयार झाली आणि मागे मागे सरकत गेली. त्यालाही इंग्रजीत फँटमच म्हणतात, म्हणून दोन्हींना ‘आभासी’ लिहिलं तर घोटाळा होईल. कोंडीला ‘विनाअडथळा कोंडी’ म्हणा.

अक्षरओळ :
मग असं ठरवलं आहे. हलक्याला ‘बिचकणे’, जोराच्याला ‘बुजणे’, ज्याला बुजली ते ‘बुजगावणं’, आणि परिभाषेच्या तक्त्यात ‘फँटम ब्रेकिंग’ देवनागरीत एकदा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. ‘भ्रमब्रेक’ काढला.

जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) तक्रार लिहिण्याचा नमुनाही पुस्तिकेत देणार आहे. चाकोरी, एकदा नजरेखालून घाला :

‘क्रूझ १०० वर, अंतर मधलं. किलोमीटर दगड अमुक, संध्याकाळी ५.४०, ऊन समोरून, रस्ता कोरडा, हलका चढ, पुढे दिशादर्शक कमान. लाल इशाऱ्यासह गाडी बुजली, वेग १०० वरून ७० वर. ठरवलेला आकडा बदलला नाही. त्याच जागी परतीच्या दिशेने काही झालं नाही. गेल्या महिन्यात पुढचा बंपर काढून बसवला आहे.’

चाकोरी :
उत्तम. यात ‘परतीच्या दिशेने झालं नाही’ हे सर्वांत कामाचं वाक्य आहे. त्यावरून चढ, कमान किंवा समोरचं ऊन यांच्यावर बोट ठेवता येतं. ‘काच बदलली आहे का’ हे वाढवा, आणि डिकीत वजन किती होतं तेही. तंत्रज्ञाकडून रडार आणि कॅमेरा या दोन्हींचं कॅलिब्रेशन केल्याची छापील नोंद आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती मागून घ्यावी, अशी एक ओळ खाली जोडा.