मदत हवी आहे: आजोबांच्या फोटोतलं बायप्लेन नक्की कुठलं मॉथ?

मंडळी, ट्रंकेत आजोबांचा एक फोटो सापडलाय, मागे शाईने नुसतं 'जुहू' लिहिलंय, साल नाही. एका बायप्लेनला टेकून ऐटीत उभे आहेत (विमान चालवणं लांब, त्यांना सायकलही धड यायची नाही). आता घरात वाद पेटलाय. काका म्हणतात टायगर मॉथ (मॉथ म्हणजे ब्रिटिश डी हॅविलंड कंपनीच्या छोट्या विमानांचं घराणं), आत्या म्हणते जेआरडींचं टपालाचं विमान. आत्याचं बाद, कारण १९३२ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरलं ते पस मॉथ, त्याला वरती एकच पंख आणि बंद केबिन, इथे पंखांच्या दोन जोड्या आणि दोन उघडी कॉकपिट. पण १९३०मध्ये भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याच्या आगाखान बक्षिसासाठी जेआरडी कराचीहून इंग्लंडला गेले ते जिप्सी मॉथमधून, म्हणजे आत्या निदान घराण्यापर्यंत तरी पोचली.

काकांचं मला पटत नाही. जिप्सी मॉथच्या इंजिनाचे चार सिलिंडर उभे, नाकावर डोकी काढून बसलेले. टायगरमध्ये इंजिन उलटं टांगलेलं, त्यामुळे नाक वरून गुळगुळीत आणि पायलटला पुढचं जरा बरं दिसतं. फोटोत डोकी वरच आहेत. शिवाय टायगरचे पंख मागे झुकलेले असतात, कारण पुढच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरला पॅराशूटसकट पटकन बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला आणि मग तोल सांभाळायला टोकं मागे घेतली. फोटोत ते सरळ वाटतायत, पण कॅमेरा तिरका आहे त्यामुळे छातीठोक सांगवत नाही.

म्हणजे डीएच ६०च्याच (जिप्सी मॉथ ज्यातलं, ते मूळ मॉथ) कुळातलं, इथपर्यंत ठीक. आता प्रश्न:

१९२५चं पहिलं मॉथ ६० हॉर्सपॉवरच्या सिरस इंजिनाचं, १९२८पासून १०० हॉर्सपॉवरचं जिप्सी आलं, पण दोन्हीचे सिलिंडर उभेच, मग नुसत्या नाकावरून फरक कसा ओळखायचा?

आणि बॉडी प्लायवूडची की स्टीलच्या नळ्यांवर कापड ताणलेली 'एम' प्रकारची, हे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत कळतं का? कडेने दोनतीन लांब उभार दिसतायत, की ओरखडे आहेत देव जाणे.

रजिस्ट्रेशनमधलं व्हीटी (भारतातल्या विमानांची सुरुवातीची अक्षरं) तेवढं वाचता येतं, पुढची अक्षरं आजोबांच्या खांद्यामागे. मला याचं छोटं मॉडेल करून काकांना द्यायचंय, म्हणून चुकीचं इंजिन लावायचं नाहीये. काकांना अजून काही बोललेलो नाही.