फंक्शनमधून परतल्यावर स्ट्रक्चरमधील बदल टिकत नाही

नवशिका, फोंडा:
नमस्कार. आमच्या घरच्या काजूच्या बागायतीतून रोज किती बिया विकल्या याची नोंद ठेवण्यासाठी मी सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहीत आहे. 'नोंद' या स्ट्रक्चरमध्ये (अनेक सदस्य एकत्र ठेवणारा प्रकार) तारखेचे तीन इंट (पूर्णांक) आणि किलो व दर असे दोन डबल (दशांश संख्या) आहेत. किलो वाढवणाऱ्या फंक्शनच्या आत आकडा वाढलेला दिसतो, परंतु मेन या मुख्य फंक्शनमध्ये परतल्यावर तो जुनाच असतो. म्हणून फंक्शनचा पॅरामीटर न हा पॉइंटर (मूळ नोंदीचा पत्ता) केला आणि *न.किलो असे लिहिले, तर कंपायलर चूक दाखवतो. (नावे येथे समजण्यासाठी देवनागरीत लिहिली आहेत.)

जुना प्रोग्रामर, म्हापसा:
फंक्शनला स्ट्रक्चर दिले की त्याची संपूर्ण प्रत जाते. पावतीच्या झेरॉक्सवर खाडाखोड केल्याने सोसायटीतली मूळ पावती बदलत नाही, तसेच हे आहे. पॉइंटर घेण्याचा तुमचा विचार बरोबर आहे, मात्र टिंबाचा अग्रक्रम * पेक्षा वरचा असल्यामुळे *न.किलो याचा अर्थ *(न.किलो) असा होतो, आणि न हा नुसता पत्ता असल्याने त्याला किलो नावाचा सदस्यच नाही. (*न).किलो किंवा न->किलो असे लिहा. फंक्शन बोलावताना पत्ता देणारे & विसरू नका.

बायणेकर, वास्को:
पुढे हंगामभराच्या नोंदींसाठी तुम्ही मॅलॉक (मेमरीत जागा मागणारे फंक्शन) वापरालच, तेव्हा जागेचा आकार सांगताना साइझऑफ(न) नव्हे, साइझऑफ(*न) लिहा. नेहमीच्या 64-बिट संगणकावर पहिल्याचे उत्तर 8 बाइट येते, तर तुमची नोंद 32 बाइटांची आहे: इंटचे 12, डबलचे 16 आणि डबल 8 च्या पटीतील पत्त्यावर बसावा म्हणून मध्ये सोडलेले 4. जागा अपुरी असूनही प्रोग्राम लगेच कोसळेलच असे नाही, आणि खरा त्रास त्याचाच आहे, कारण तो दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीवर बिघडतो आणि आपण तिथे शोधत बसतो. शिवाय रिॲलॉकने जागा वाढवली की सगळ्या नोंदी नव्या पत्त्यावर हलू शकतात. त्यामुळे एखाद्या नोंदीकडे आधी रोखून ठेवलेला पॉइंटर त्यानंतर वापरू नये.

नवशिका, फोंडा:
दोघांचेही आभार. बाण लावल्यावर आकडा टिकला. सर्वांत चढ्या दराची नोंद मी पॉइंटरमध्येच धरून ठेवणार होतो. आता तिचा क्रमांक ठेवतो.