बेबेलोस : ‘अपवित्र’ म्हणावं का?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात (१२:१६) इसहाकाचा थोरला मुलगा एसाव याला मूळ ग्रीकमध्ये ‘बेबेलोस’ म्हटलं आहे. कोशात अर्थ ‘अपवित्र’ असा सापडतो. पण एसावानं ना मूर्तिपूजा केली, ना देवाची निंदा. भुकेपोटी मसुरीच्या वरणावर ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकला, एवढंच. मग हा शब्द त्याला का लावला असेल?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि अडचण ‘अपवित्र’ या शब्दातच आहे. तो ऐकला की आपल्याला घाण, विटाळ, शिवाशीव आठवते. बेबेलोसच्या मुळाशी यातलं काही नाही. हा शब्द ‘बाइनो’ म्हणजे पाऊल टाकणे, चालणे या क्रियापदाच्या कुळातला. त्याच कुळातला ‘बेलोस’ म्हणजे उंबरठा. होमरच्या इलियडमध्ये झ्यूस हेफाइस्तोसला देवलोकाच्या ज्या उंबरठ्यावरून खाली भिरकावतो, तो हाच. तेव्हा बेबेलोस म्हणजे जिथे कुणीही पाऊल टाकावं अशी जागा. राबत्याची, वहिवाटीची.

सोफोक्लीझच्या कोलोनसमधल्या ईडिपसच्या नाटकात हे फार स्वच्छ दिसतं. आंधळा ईडिपस मुलीला सांगतो, बसायला जागा बघ, बेबेलोस जागेत असो की देवांच्या राईत. इथे बेबेलोस जागा वाईट तर नाहीच, उलट निर्धोक आहे. तो बसतो नेमका देवराईत, आणि गावकऱ्यांचा थरकाप उडतो, कारण तिथे पाऊल टाकायलाच मनाई असते.

इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं तेव्हा हिब्रू ‘होल’साठी (सामान्य, रोजच्या वापरातलं) हाच शब्द घेतला गेला. त्यांतल्याच लेवीय या पुस्तकात (१०:१०) याजकांना, म्हणजे पुरोहितांना, सांगितलं आहे की पवित्र आणि ‘होल’ यांत, तसंच अशुद्ध आणि शुद्ध यांत भेद करा. या दोन वेगळ्या जोड्या आहेत, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बेबेलोसचा विरुद्धार्थी शब्द ‘पवित्र’ आहे, ‘शुद्ध’ नव्हे. १ शमुवेल २१ मध्ये दावीद भाकरी मागतो तेव्हा याजक म्हणतो, माझ्याजवळ बेबेलोस भाकरी नाही, पवित्र तेवढी आहे. बेबेलोस भाकरी म्हणजे घराघरांत रोज भाजली जाणारी भाकरी! तिला अपवित्र म्हटलं तर सगळं गाव पाप खात होतं असं होईल.

मग निंदेचा अर्थ आला कुठून? राखून ठेवलेल्या गोष्टीला राबत्यातल्या गोष्टीसारखं वागवलं की दोष लागतो. ‘बेबेलोओ’ हे क्रियापद त्यासाठी आहे. आपल्याकडचं ‘पायदळी तुडवणे’ त्याच्या किती जवळ जातं पाहा. त्यातही मत्तय १२:५ मध्ये येशू विचारतो, याजक मंदिरात शब्बाथाचं (विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं) बेबेलोओ करतात आणि तरी निर्दोष राहतात, हे तुम्ही नियमशास्त्रात वाचलं नाही का? शब्बाथाला होमबली अर्पायचे म्हणजे काम करावंच लागतं. म्हणजे नव्या करारातही या क्रियापदाबरोबर दोष येतोच असं नाही.

आता एसाव. त्याच्या हातात राखून ठेवण्याजोगी एक गोष्ट होती, ज्येष्ठत्व. त्यानं ती एका जेवणाच्या भावात मोजली. ‘एका जेवणासाठी’ हे शब्द लेखकानं मुद्दाम घातले आहेत. एसाव घाणेरडा नव्हता, दुष्टही नव्हता. त्याच्या मनाला उंबरठाच नव्हता. मी इथे ‘ज्याला पवित्र असं काहीच नाही असा’ म्हणेन. शब्द वाढतात, पण अर्थ जागेवर राहतो.

आणखी एक शंका : मग सोवळं-ओवळं ही जोडी वापरता येईल का? आणि नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१०:१४) येशूचा शिष्य पेत्र ‘कोइनोस’ म्हणतो, ते हेच का?

उत्तर : सोवळं-ओवळं वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. ओवळं स्पर्शानं लागतं, पसरतं. बेबेलोस पसरत नाही. बाजारातल्या भाकरीला हात लागला म्हणून कुणी बेबेलोस होत नाही. सोवळं-ओवळं दुसऱ्या जोडीच्या, शुद्ध-अशुद्धाच्या बाजूला पडतं. शिवाय आपल्याकडे त्या शब्दांना जातीच्या शिवाशिवीचा जो इतिहास चिकटला आहे, तो या वचनांत आणून बसवणं अन्यायाचं होईल.

‘कोइनोस’ म्हणजे सर्वांचं, सामाईक. ‘कोइने ग्रीक’मधला ‘कोइने’ तोच. पण यहुदी बोलीत त्याला ‘विटाळलेलं’ असा अर्थ आला, म्हणून पेत्र ‘कोइनोस आणि अशुद्ध’ असे दोन शब्द जोडीनं उच्चारतो. कोइनोस आणि बेबेलोस यांतला फरक त्याच पुस्तकातल्या प्रेषित पौलाच्या खटल्यात छान दिसतो. यरुशलेमेत आरडाओरडा करणारे यहुदी म्हणतात, यानं ग्रीकांना मंदिरात आणून ही पवित्र जागा ‘कोइनोस’ केली (२१:२८). पुढे कैसरियात रोमी सुभेदार फेलिक्ससमोर वकील तिर्तुल्ल तोच आरोप मांडतो, तेव्हा क्रियापद ‘बेबेलोओ’ येतं (२४:६). सुभेदाराला यहुद्यांचा घरगुती अर्थ कळेलच असं नाही. देवळाची मर्यादा मोडली हे मात्र कुठल्याही ग्रीक जाणणाऱ्याला कळतं. ती मर्यादा दगडात कोरलेलीही होती. परक्यानं कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार, असा ग्रीक शिलालेख फ्रेंच पुरातत्त्वज्ञ क्लेर्मों-गानो यांना यरुशलेमेत १८७१ साली सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

शेवटचा प्रश्न : नव्या करारातल्या तीमथ्याच्या पत्रांतली ‘बेबेलोस बडबड’ कशी समजायची?

उत्तर : १ तीमथ्य ६:२० आणि २ तीमथ्य २:१६ मध्ये बेबेलोससोबत ‘केनोफोनिया’, म्हणजे पोकळ बोलणं, हा शब्द आहे. तिथे शिवराळ भाषा अभिप्रेत नाही. देवाविषयीचं बोलणं कुणीही, कशासाठीही वापरावं इतकं स्वस्त करून टाकणं, असा रोख मला दिसतो. ‘अमंगळ बडबड’पेक्षा ‘पावित्र्याची चाड नसलेली पोकळ बडबड’ बरी. लेवीयमध्ये ‘सामान्य’, शमुवेलमध्ये ‘रोजची भाकरी’, एसावासाठी वर सांगितलं ते. एकच मराठी शब्द सगळीकडे चालवायचा हट्ट धरला की कुठेतरी चुकीचा अर्थ लागणारच.