पोकर: रिव्हरवर (शेवटच्या पत्त्यावर) काकांनी ५००० ढकलले, एक्का-राणीवर कॉल करायचा (तेवढेच भरायचे) का सोडायचं?

इस्पिकएक्का_पुणे
गेल्या शनिवारी पणजीला मांडवीतल्या कसिनो बोटीवर पोकरच्या १००/२०० च्या टेबलावर होतो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाल्यापासून ॲपवरचा सराव पार गेलाय, आता गोव्याला जाऊ तेव्हाच काय ते. हातात इस्पिक एक्का, चौकट राणी. बटणावरनं (पुढे शेवटी बोलायची जागा) ८०० केले, बिग ब्लाइंडमधल्या (२०० आधीच टाकावे लागलेल्या) काकांचा कॉल, बाकी सगळे फोल्ड. फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) बदाम राणी, इस्पिक अठ्ठी, इस्पिक तिर्री. काका चेक (पैसे न लावता पुढे), मी ९००, कॉल. टर्न (चौथा पत्ता) किलवर दुर्री, परत चेक, मी २०००, परत कॉल. पॉट ७५००. रिव्हरला चौकट सत्ती, म्हणजे ना फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) ना स्ट्रेट (ओळीने पाच), आणि जे काका दोन तास नुसते चेक-कॉल करत चहा पीत होते त्यांनी कप खाली ठेवला आणि ५०० च्या दहा चिप्स एका गठ्ठ्यात पुढे सरकवल्या. मला वाटलं ड्रॉ (एका पत्त्याने अपुरा फ्लश) हुकला म्हणून मारतायत, शिवाय इस्पिक एक्का माझ्याकडे, म्हणजे ब्लॉकर (त्यांच्याकडे काही हात असूच देत नाही असा पत्ता) पण आहे. तुम्ही काय केलं असतं?

हिशोबी_नाशिककर
आधी आकडे बघ. ५००० टाकून समोरचे १२५०० मिळणार, म्हणजे सात वेळांत दोनदा बरोबर ठरलास तरी बरोबरी, २९ टक्के पकड. उलट भाषेत, त्यांच्याकडे जिंकणारे १० हात (दोन पत्त्यांचे शक्य जोड) असतील तर ४ तरी बिनबुडाचे ब्लफ पाहिजेत. नुसत्या अठ्ठ्यांच्या आणि तिर्र्यांच्या सेटचेच (तीन सारखे पत्ते) ६ हात होतात, राणी-अठ्ठी, राणी-सत्ती अजून धरलेच नाहीत. आता या काकांचे ४ ब्लफ तू मोजून दाखव.

किलवरगुलाम
ब्लॉकरचं मात्र उलटं केलंयस भाऊ. फ्लश लागलेला असता तर इस्पिक एक्का हातात असणं सोनं होतं, कारण सगळ्यात मोठा फ्लश त्यांच्याकडे असूच शकत नाही. इथे फ्लश हुकलाय. हुकलेले ड्रॉ म्हणजेच त्यांचे ब्लफ, आणि एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी इस्पिकमधले हे सगळे तुझ्या एक्क्याने उडवले. याच्यापेक्षा बदाम एक्का असता तर कॉलला जास्त बरा होता. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं गेली आणि बरेच पैसे पण गेले, ते असो.

तीनपत्तीतून_आलेला
गणित बाजूला ठेवा हो, दोन तास चेक-कॉल करणारा माणूस रिव्हरला स्वतःहून पुढे येतो तेव्हा त्याला काहीतरी लागलेलं असतं, साठीतले काका हुकलेल्या फ्लशवर ५००० मारत नाहीत. आपली खोड अशी की दोघंच उरले की शो मागायचा, तीन पत्तीत ते ठीक आहे, इथे नुसतं बघायचं म्हणून ५००० महाग पडतात. मी फोल्ड.

इस्पिकएक्का_पुणे
केला कॉल 🙈 किलवर अठ्ठी-सत्ती, दोन जोड्या. काका वर म्हणाले, सत्ती लागली रे बाळा. एक्क्याचं खरंच उलटं धरलं होतं. बरं पण त्यांनी चेक केलं असतं तर? मी पण चेक करून पत्ते उघडले असते बहुतेक.

हिशोबी_नाशिककर
नाही रे, ती त्याहून मोठी चूक. तिथे प्रश्न एवढाच की कॉल आला तर निम्म्याहून जास्त वेळा तू पुढे असशील का. एक राणी तुझ्याकडे, एक बोर्डवर, उरल्या दोन, तरी राजा-राणीचे ८ हात, राणी-गुलामचे ८, राणी-दश्शीचे ८ होतात, आणि असे काका राणी सोडत नसतात. २५००-३००० मारायचे. आणि त्याच्यावर काकांनी रेझ केलं (अजून वाढवले) तर चहा मागव आणि पत्ते टाक.