सभ्य खुनी आणि टाळ्या वाजवणारे सभागृह

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांमधला वाद)

सात रस्ता: प्रतिष्ठित आयुष्याआड लपलेल्या खुन्यांवरचे मनोवैज्ञानिक भयपट मला अलीकडे अप्रामाणिक वाटू लागले आहेत. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) घ्या. (शेवट उघड करतो आहे; इतक्या वर्षांनी तेवढी मुभा असावी.) लाजरा, आईच्या धाकातला मोटेलवाला नॉर्मन आपल्याला पुरेसा अस्वस्थ करतो, आणि मग एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन त्याच्या दुभंगलेल्या मनाचा उलगडा फळ्यावर गणित सोडवावे तसा करून देतो. खुनी आजारी ठरला की त्याला सभ्य मानणारे आपण आपोआप सुटतो. खरे भय त्याच्या डोक्यात नसून त्याला शाल-श्रीफळ देणाऱ्या सभागृहात असते, आणि तिकडे हे चित्रपट कॅमेरा वळवतच नाहीत.

जुनी गिरणी: ‘वळवतच नाहीत’ हे मान्य नाही. हिचकॉकचाच ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) आपण पाहिलेला दिसत नाही. कॅलिफोर्नियातील सांता रोझा या गावी बहिणीकडे उतरलेला रुबाबदार मामा श्रीमंत विधवांचा खुनी आहे, हे घरात फक्त भाचीला कळते, आणि तेही आधी त्याने कौतुकाने दिलेल्या पाचूच्या अंगठीत परक्याच कुणाची आद्याक्षरे कोरलेली आढळल्यामुळे. मेहुण्याच्या बँकेत तो चाळीस हजार डॉलर ठेवतो, महिला मंडळात व्याख्यान देतो, आणि मेल्यावर सारे गाव त्याचे गुणगान करते. गावाला शेवटपर्यंत काहीही कळत नाही. तिथे कोणता डॉक्टर येऊन आपल्याला सोडवतो?

विजापूर वेस: आपण दोघेही चित्रपटाची कारागिरी तपासत आहात, मला त्याच्या परिणामाची चिंता आहे. ‘देवमाणूस’ ही मालिका २०२० साली सुरू झाली, तेव्हा त्यातला गावाचा लाडका, पण बोगस आणि खुनी डॉक्टर पाहून आमच्या सासूबाई आमच्या गल्लीतल्या, तीस वर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनकडे दोन आठवडे संशयाने पाहत होत्या. हसू येते खरे, परंतु सोलापूरच्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यातली दारे अजूनही रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, ती शेजाऱ्यावरच्या भरवशावर. तो भरवसा करमणुकीसाठी उसवावा का?

जुनी गिरणी: भरवसा चित्रपटाने उसवत नाही, तो आंधळा असला तर उघडा पडतो, इतकेच. ‘स्पोरलोस’ (१९८८) या डच चित्रपटातील रसायनशास्त्राचा शिक्षक, दोन मुलींचा बाप, बुडणाऱ्या मुलीला वाचवतो. लेकीच्या नजरेत तो नायक ठरतो, आणि त्या कौतुकाला आपण खरोखर पात्र आहोत का, हे तपासण्यासाठी तो तितकेच भयंकर कृत्य करायचे ठरवतो. मग बायकोशी, मुलींशी नेहमीसारखे वागत, स्वतःची नाडी मोजत तो अपहरणाची तालीम करतो. इथे सभ्यपणा हा मुखवटा नाही, गुन्ह्याचे बीजच आहे. आजारी म्हणून त्याला बाजूला काढण्याची सोयच उरत नाही.

विजापूर वेस: आणि असे बीज प्रत्येक मास्तरात शोधत बसायचे? माझी हरकत कायम आहे.

सात रस्ता: काल रात्री तो मामाचा चित्रपट पाहिला. डॉक्टरविषयीचा माझा आक्षेप त्याला लागू होत नाही, हे कबूल करतो. मात्र एक गोष्ट आपण सांगितली नाहीत. अखेरीस चर्चमध्ये मामाची स्तुती चालू असते, तेव्हा भाची आणि मामाच्या मागावर असलेला गुप्तहेर बाहेर उभे असतात, आणि ते भाषण आपल्याला केवळ ऐकू येते. ज्या सभागृहाविषयी मी म्हणत होतो, त्याच्या दारापाशी येऊन हिचकॉकसुद्धा थांबला.

जुनी गिरणी: थांबला नाही, त्याने आपल्याला भाचीशेजारी उभे केले. आत बसलेल्यांत आपणही टाळी वाजवली असती, हे तिथूनच ऐकू येते.