मूस, धनुष्यबाण आणि 'न्याय्य' शिकारीचं थोतांड

उत्तरकर (एडमंटन)

आधी खुलासा. ही मूस सोनाराची नव्हे, आणि लग्नाच्या बुफेत चमच्याने खायची तीही नव्हे. कॅनडा-अलास्कातलं हे जगातलं सगळ्यात मोठं हरीण. ताडोबात सांबर बघून ज्यांनी तोंडात बोट घातलं त्यांनी त्याची दुप्पट-तिप्पट करावी: पूर्ण वाढलेला नर पाचशे-सहाशे किलोचा, खांद्यापाशी जवळजवळ दोन मीटर उंच, आणि डोक्यावर दोन परातींसारखी चपटी शिंगं. ही शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा नव्याने येतात.

गेल्या सप्टेंबरात ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राबरोबर ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, डीझ लेकच्याही पलीकडे दहा दिवस राहून आलो. शिकार त्याची, मी नुसता सोबती. (सोबत्याचेही पैसे घेतात.) परदेशी माणसाला त्या प्रांतात परवानाधारक आउटफिटरच्या (शिकारीच्या सहली चालवणाऱ्या व्यावसायिकाच्या) गाइडशिवाय असलं मोठं जनावर मारता येत नाही, आणि प्रत्येक आउटफिटरला टापू नेमून दिलेला असतो. विमान, परवाने, टिप धरून मित्राचे वीस-पंचवीस हजार अमेरिकन डॉलर गेले.

जाताना गाडीत त्याचं एकच पालुपद: बंदुकीने काय, कोणीही मारेल. धनुष्याने मारलं तर जनावराला संधी मिळते. ते न्याय्य.

आता झालं काय ते सांगतो. सप्टेंबरअखेर त्यांचा माजाचा काळ. गाइड रोज पहाटे दलदलीच्या काठाला बसायचा, बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून मादीसारखा लांबलचक हंबरडा फोडायचा, आणि मग मूसच्याच खांद्याचं वाळकं चपटं हाड विलोच्या झुडपांवर खराखरा घासायचा. दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटावं म्हणून. वारा तोच बघणार, जागा तोच ठरवणार, कधी हलायचं ते तोच सांगणार. मित्राने सात दिवसांत स्वतःच्या डोक्याने घेतलेला निर्णय म्हणजे कॉफीत साखर किती.

सातव्या संध्याकाळी उत्तर आलं. खोल, घशातलं 'ऊंक्'. मग काटक्या मोडल्याचा आवाज. अर्ध्या तासाने तो नर आमच्यापासून 32 मीटरवर आडवा उभा. मित्राने दोरी सोडली आणि त्याच क्षणी जनावराने अर्धं पाऊल पुढे टाकलं. बाण फुप्फुसाच्या मागे, पोटात गेला. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज झाला. तो पळालासुद्धा नाही. पाठ कमानीसारखी करून हळूहळू झाडीत चालत गेला.

गाइडच्या खांद्यावर अस्वलासाठी रायफल होती. त्याने ती उतरवली. मित्राने हात आडवा केला. गोळी लागली तर ते जनावर 'धनुष्याचं' राहत नाही, धनुष्यवाल्यांच्या विक्रमांच्या नोंदवहीत जात नाही!

मग रात्रभर थांबलो. पोटात बाण लागलेल्या जनावराच्या मागे लगेच गेलं तर ते उठून मैलोन्‌मैल जातं, म्हणून थांबावंच लागतं. रात्री पाऊस. सकाळी चारेकशे पावलांवर सापडला. मधे दोन ठिकाणी गवत दबलेलं होतं, त्यात काळपट रक्त. म्हणजे बिचारा दोनदा बसला आणि दोनदा उठला.

माझं म्हणणं एवढंच: शिकारीला माझा विरोध नाही. पण धनुष्यामुळे संधी मिळते ती जनावराला नाही, शिकाऱ्याला. दिवाणखान्यात गोष्ट सांगायची संधी.

---

अँकरेजकर

असहमत. चौदा वर्षं अलास्कात आहे, इथलाच रहिवासी असल्यामुळे गाइड न घेता दरवर्षी जातो, रायफलने. तेव्हा धनुष्यवाल्यांची वकिली करण्यात माझा काही स्वार्थ नाही.

एका चुकलेल्या बाणावरून सगळ्यांना फासावर देताय. तीनशे मीटरवरून गोळी झाडून जबडा फोडणारे महाभाग मी पाहिलेत. ते जनावर रात्रीत नाही, पंधरा दिवसांनी मरतं आणि कोणाला सापडतही नाही. धनुष्यवाल्याला निदान तीस मीटरवर यावं लागतं. त्या अंतरावर वारा फिरला की खेळ खलास, कारण मूसची नजर बेताची असली तरी नाक आणि कान भयंकर तिखट. कित्येक जण दहा दिवस चिखल तुडवून रिकाम्या हाताने घरी जातात. संधी म्हणतात ती हीच.

आणि कायदा. आमच्याकडे मूससाठी धनुष्य किमान 50 पौंड ताणाचं लागतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा. शिंगं मांसाच्या आधी बाहेर काढता येत नाहीत, आधी मांस वाहा, मग मिरवा. एक मागची तंगडी पाठीवर घेऊन दलदलीतून दोन किलोमीटर चाला, मग 'दिवाणखाना' शब्द सुचणार नाही.

पैशाचंही बोला. बाहेरच्या अमेरिकन माणसाला मूसच्या टॅगचे, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्याचे, 800 डॉलर पडतात. शिवाय 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका-काडतुसांवर 11 टक्के कर आहे, पुढे तो धनुष्यबाणांनाही लागला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

---

सदाशिव_पेठी

जनावर मारायला वीस लाख रुपये खर्च करायचे आणि वर ते न्याय्य कसं यावर वाद घालायचा. चालू द्या.

---

अँकरेजकर

@सदाशिव_पेठी, रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहणाऱ्यांनाही हेच सांगता का? त्या बोकडाला तर वाऱ्याची दिशासुद्धा मिळत नाही.

---

सदाशिव_पेठी

त्या रांगेतला माणूस बोकडाचं मुंडकं भिंतीवर लावून खाली स्वतःचं नाव लिहीत नाही हो.

---

सातारचा_नेम

मी कंपाउंड धनुष्य (टोकांना कप्प्या लावलेलं) मारतो. टार्गेटवर, जनावरावर कधीच नाही. 2023ला बर्लिनमध्ये आदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हापासून इकडे ज्याच्या-त्याच्या पोराला धनुष्य हवंय, ते असो.

आमचं अंतर 50 मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. मूसच्या फुप्फुसाची जागा मोठ्या ताटाएवढी तरी असेल. मग 32 मीटरवर चुकायचं कारण काय? कारण ताट हलतं. हिशेब करा: चांगल्या कंपाउंडचा बाण सेकंदाला 85 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे 32 मीटरला जवळपास 0.4 सेकंद. दोरीचा आवाज 0.1 सेकंदात कानावर पोचलेला. उरलेल्या वेळात जनावर पाऊल टाकू शकतं, आणि जगातला कुठलाही विजेता ते पाऊल आधी ओळखू शकत नाही. बंदुकीत हा प्रश्न जवळपास येतच नाही.

तरी उत्तरकर, दोष धनुष्याचा नाही. तुमच्या मित्राने वर्षात किती बाण मारले होते? पावसात, अंगावर चार कपडे चढवून, गुडघ्यावर बसून किती? कंपाउंडची सोय अशी की पूर्ण ताणल्यावर वजनाचा पाचवा हिस्साच हातावर राहतो, त्यामुळे सहा महिन्यांत माणसाला वाटतं आपण अर्जुन. अर्जुनाला पोपट लाकडाचा होता हे विसरतात.

---

उत्तरकर (एडमंटन)

@सातारचा_नेम, मनापासून दाद. पण तुमच्या हिशेबाने माझंच म्हणणं पक्कं होतं की. नेम बरोबर असूनही बाण चुकू शकतो, हे माहीत असून मारायचं, याला न्याय्य कसं म्हणायचं?

@अँकरेजकर, मांसाबद्दल मान्य. ब्रिटिश कोलंबियातही चारी तंगड्या आणि पाठीचं मांस आणावंच लागतं, आणि त्यातला माझा वाटा मी खाल्ला. काळा मसाला घातलेला खिमा उत्तम होतो, माजावरच्या नराचा वास मात्र आल्या-लसणाला दाद देत नाही.

---

माल्मोची_मंजू

आमच्याकडेही मूस भरपूर. दर वर्षी हजारोंनी मारतात, शरद ऋतूत शाळा-कचेऱ्यांत निम्मी माणसं रजेवर. पण स्वीडनमध्ये मूसची धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे. नॉर्वेतही. प्राणीप्रेमी म्हणून नव्हे, शिकार अंगात मुरलेली आहे म्हणून. बंदुकीलाही आधी परीक्षा द्यावी लागते, आणि मूस जखमी झाला तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा नियम आहे.

तुमच्या गोष्टीत रात्रभर थांबले हे वाचून सासऱ्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं कपाट उघडून कुत्र्याचा पट्टा दाखवला.

---

अँकरेजकर

@माल्मोची_मंजू, तुमच्याकडे प्रत्येक टेकडीमागे रस्ता आहे. इथे विमान पाण्यावर उतरवून सोडून जातं आणि दहा दिवसांनी न्यायला येतं. रात्री रक्ताच्या मागावर कुत्रा सोडला तर सकाळी अस्वलाचं पोट भरलेलं दिसेल. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

---

माल्मोची_मंजू

मग तिथे जखमी होण्याची शक्यता जास्त असलेलं हत्यार नेऊ नका. मदत लांब, तर हत्यार पक्कं हवं ना? उलटं कसं?

---

सेंट_जॉन्सची_मावशी

तुम्ही सगळे मूसला फारच अदबीने वागवताय. कॅनडाच्या पूर्वेच्या बेटावर, न्यूफाउंडलंडला या. इथे हे जनावर मुळात नव्हतंच. 1904 साली न्यू ब्रन्सविकहून चार आणून हाउलीपाशी सोडली, आज ती लाखावर आहेत. लांडगे 1930च्या सुमारास संपले, मग अडवणार कोण? बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाची रोपटी वर यायच्या आत फस्त. ग्रोस मोर्न राष्ट्रीय उद्यानात जंगलाच्या जागी गवत वाढायला लागलं, तेव्हा 2011 पासून खुद्द उद्यानखात्यानेच आत शिकारीला परवानगी दिली.

आणि रात्री गाडी चालवा एकदा. मूसचे पाय इतके लांब की हेडलाइटमध्ये डोळे चमकत नाहीत, नुसते काळे खांब दिसतात, आणि धडकलात तर धड थेट काचेतून मांडीवर. माझ्या शेजारणीचा नवरा असाच गेला.

इथे मारणं गरजेचं आहे. पण ज्याला गरज असते तो बंदूक घेतो. धनुष्य घेतो तो गरजेपोटी नाही, हौसेपोटी. हौस असू दे की! फक्त तिला हौस म्हणा.

---

जुनी_पानं

धनुष्यवाल्यांच्या नोंदवहीचा विषय निघालाय म्हणून. ती पोप अँड यंग क्लबची, स्थापना 1961. यातला पोप म्हणजे सॅक्स्टन पोप, सॅन फ्रान्सिस्कोतला सर्जन. तो धनुष्य शिकला इशीकडून. इशी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीपैकी शेवटचा उरलेला माणूस. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून टाकले होते. 1911 साली तो एकटा, उपाशी, ओरोव्हिलला बाहेर आला. त्याला संग्रहालयात ठेवलं, आणि 1916 साली तो क्षयाने गेला. इशी हे नावसुद्धा त्याचं नव्हतं, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'.

ज्याच्यासाठी धनुष्य म्हणजे रात्रीचं जेवण होतं त्याच्याकडून विद्या घेतली, आणि पुढच्या पिढ्यांनी तिची शिंगं मोजायची स्पर्धा केली. आमच्याकडे फासेपारध्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि त्याच काळात संस्थानिक हाका घालून वाघ मारत होते, त्याची आठवण झाली. हाकेवाले जनावर समोर आणून देणार, राजेसाहेब घोडा दाबणार. उत्तरकरांच्या गाइडमध्ये आणि हाकेवाल्यात मला फारसा फरक दिसत नाही.

---

अँकरेजकर

फरक आहे. हाकेवाल्याला वेठीला धरून आणत. गाइडला दिवसाचे पैसे मिळतात, आणि वर तो गिऱ्हाइकाला 'गप बस' म्हणू शकतो.

---

किपावाची_वाट

'टापू नेमून दिलेला असतो' हे वाक्य वाचून थांबलो. टापू ज्याने नेमून दिला त्याचा होता का? मी क्वेबेकात आहे. ला वेरेंद्री अभयारण्यात मूस कमी झाले म्हणून तिथल्या मूळ रहिवासी आनिशनाबे लोकांनी रस्ते अडवले, तेव्हा 2021 मध्ये सरकारने दोन वर्षं हौशी शिकार थांबवली. तिथे भांडण बाण की गोळी असं नव्हतंच. हिवाळ्याचं मांस घरात यायच्या आधी बाहेरच्याने येऊन मारावं का, एवढंच होतं.

---

उत्तरकर (एडमंटन)

@किपावाची_वाट, हे मी लिहायला हवं होतं. आमचा गाइड स्वतः तिथल्या मूळ रहिवासी टाल्टन समाजाचा. शेवटच्या रात्री मी त्याला विचारलं, तू घरासाठी मारतोस तेव्हा काय वापरतोस? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, भात कशात शिजवतोस. म्हणाला, रायफल. मग थोड्या वेळाने: "लवकर संपायला हवं. बायको वाट बघत असते."

@अँकरेजकर, 'गप बस' म्हणू शकतो हे खरं, पण त्या संध्याकाळी हात आडवा आला तेव्हा तो काही म्हणाला नाही. रायफल पुन्हा खांद्याला लावली आणि कर्णा पिशवीत भरत राहिला. टिप शेवटच्या दिवशी मिळते.

काल मित्राचा फोन होता. शिंगं मोजून झाली, नोंदवहीत बसायला थोडी कमी पडली. त्याने पुढच्या सप्टेंबरचं युकॉन बुक केलंय आणि मला विचारत होता, येतोस का. मी म्हटलं, काय घेऊन जाणार आहेस ते आधी सांग. म्हणाला, अर्थात धनुष्य, नवीन घेतलंय, ऐंशी पौंडाचं.