जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ काढून काय टाकू? पत्रिकांचा सीझन जवळ येतोय

पत्रिकावाली
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. मशीन २०१३ सालचं: आय-५ ३४७०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७. सकाळी शटर उघडून बटण दाबते, मग झाडलोट, उदबत्ती, चहा. तोवर कुठे डेस्कटॉप दिसतो. तेही चालवून घेतलं असतं, पण क्रोम १०९ वर अडकलंय आणि फॉर्म भरायची एक साइट 'ब्राउझर अपडेट करा' म्हणून उघडतच नाही. गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या दुकानात जातं.

कॉम्प्युटरवाला म्हणतो, "ताई, भंगारात घाला." पण माझ्या सगळ्या पत्रिका पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मराठी फाँटचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालतं, आणि त्याची सीडी यांनी कुठे ठेवलीय ते यांनाच आठवत नाही. तुळशीचं लग्न लागलं की मला श्वास घ्यायला वेळ नसतो. विंडोज ११ टाकू का?

नाशिककर
११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमची तिसरी पिढी. विंडोज १० चालेल, पण त्याच्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. शिवाय विंडोज ७ ची लायसन्स की २०२३ पासून १० ला लागत नाही.

अर्धवट हॅकर
रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवा, टीपीएमची अट काढून टाका, ११ बसतं. मी स्वतः आय-३ वर बसवलंय. त्याहून जुना कोअर २ ड्युओ प्रोसेसर असता तर नवीन आवृत्ती सुरूच झाली नसती, तुमचं होईल.

जुना कंपोझिटर
हॅकर, बसतं हे खरं, पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी खेळायला ठीक. ताईंचं पोट आहे त्यावर.

ताई, आधी एक समजून घ्या. आपल्या जुन्या फाइलींमध्ये मराठी नसतंच मुळी. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये 'मराठी' लिहिलेली फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडा, ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसतील. मराठीपण सगळं फाँटात. म्हणून फाँट, डोंगल, पेजमेकर हे त्रिकूट जिथे चालतंय तिथून हलवू नका. सीडी नाही म्हणता, मग तर हातच लावू नका.

एक २४० जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, त्यावर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट (त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती) टाका आणि नेटची कामं तिथे करा. पत्रिका जुन्या डिस्कवरच, विंडोज ७ मध्ये, नेटची वायर काढून. कुठून सुरू करायचं ते मशीन चालू करताना बूट मेनूतून निवडायचं. मिंट टाकताना मात्र जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. मी एकदा आळस केला आणि बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) भलत्या डिस्कवर जाऊन बसला. अख्खा रविवार गेला. आणि त्याच्याही आधी सगळ्या पत्रिकांची कॉपी पेनड्राइव्हवर. आजच.

पत्रिकावाली
भाचा आला होता, काल केलं. मिंट झकास चाललं, ती साइटही उघडली. पण केबल परत लावून विंडोज ७ सुरू केलं तर निळा स्क्रीन, आपोआप रिस्टार्ट, परत निळा. घड्याळ २०१२ दाखवतंय. रात्रभर झोप नाही. गेलं का सगळं?

जुना कंपोझिटर
काही गेलेलं नाही. बोर्डावरचा सेल मेलाय, रुपयाच्या नाण्याएवढा असतो तो, सीआर २०३२. केबल लावताना मशीनचा प्लग काढलात, तेव्हा बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सेटिंग्ज पुसल्या गेल्या. बायोसमध्ये जा, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'आयडीई' झाला असेल, तो पहिल्यासारखा 'एएचसीआय' करा. तारीख लावा, सेल बदला. विंडोज पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका.

पत्रिकावाली
तेच होतं! घड्याळवाल्याकडून सेल आणला. पेजमेकर उघडलं, डोंगल ओळखलं, मागच्या वर्षीच्या पत्रिका जशाच्या तशा. काका, तुमचे उपकार.

आता एकच. व्हॉट्सॲपवर पाठवायचा मजकूर मिंटमध्येच टाइप करतेय, पण माझी बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्डची, आणि इथे भाच्याने इन्स्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड लावून दिलाय. 'मोऱ्यांच्या घरचं पहिलं कार्य' लिहायचंय आणि दर वेळी 'मोर्यांच्या' उमटतं. हे मोबाइलवरून लिहितेय म्हणून नीट आलं. तो ऱ्य कसा काढायचा?

जुना कंपोझिटर
शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग फुलस्टॉपच्या शेजारची तिरक्या रेघेची की.